अकरा डॉलर चाळीस सेंट आणि माझी लाल रेघ

फेब्रुवारीतल्या एका सकाळी एक दातांचे डॉक्टर बर्फातून चाळीस मैल गाडी चालवत आमच्या नेपरव्हिलच्या ऑफिसात आले, बुटांचा चिखल कार्पेटवर उमटवत थेट माझ्या टेबलापाशी पोचले आणि एक चेक माझ्यासमोर आपटला. चेक होता दोन डॉलर एकोणीस सेंटचा.

"हा काय प्रकार आहे? माझ्या म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे तुम्ही मला परत का पाठवताय?"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातल्या मुलींनी गेल्या वर्षी पुरेसे पैसे साठवले नाहीत, म्हणून."

त्यांनी चेक उचलून पुन्हा एकदा आकडा वाचला. बावीस वर्षं मी हे असले धक्के लोकांना पोस्टाने पाठवत आले. माझ्या वाट्याचा धक्का एकदम शेवटी आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

माझं काम काय, हे मी नाशिकच्या माझ्या सख्ख्या बहिणीला तीनदा समजावलं. तिन्हीदा ती म्हणाली, "म्हणजे बँकेत ना?" नाही गं बाई, बँकेत नाही. इथे कंपन्या पगारातून थोडे पैसे कापून म्हातारपणासाठी बाजूला टाकतात, त्याला फोर-ओ-वन-के म्हणतात. सरकार त्या पैशांवर टॅक्सची सवलत देतं, पण एका अटीवर. मालकाने आणि त्याच्या वरच्या लोकांनीच सगळी सवलत ओरपायची नाही. म्हणून दर वर्षी एक टेस्ट होते. साध्या नोकरांनी सरासरी पगाराच्या किती टक्के टाकले आणि वरच्यांनी किती, हे बघायचं. दोन्हीत साधारण दोन टक्क्यांचा फरक चालतो. त्यापुढे गेलं की टेस्ट नापास. पंगतीत लोकांच्या पानात दोन जिलब्या आणि यजमानाच्या पानात सात, असं दिसलं तर त्याच्या पानातल्या उचलायच्या. उचलायचं काम माझं. मार्चच्या पंधरा तारखेच्या आत जास्तीचे पैसे परत पाठवायचे, नाहीतर कंपनीला दंड. जास्तीचे कधी चार हजार निघतात, कधी दोन डॉलर एकोणीस सेंट. कायदा सेंटसुद्धा सोडत नाही. चेक, पत्र, पाकीट, तिकीट आणि वर पुढच्या वर्षीचा टॅक्सचा कागद धरला तर दोन डॉलर परत करायला आमचे वीस खर्च व्हायचे.

एकदा एका छपरं घालणाऱ्या मालकाला मी टेस्टचं सरकारी नाव वापरून कळवलं, की तुमची कंपनी भेदभावाच्या चाचणीत नापास झाली आहे. बिचाऱ्याने दुसऱ्याच दिवशी वकील उभा केला. म्हणे, मी कुणाचाही रंग बघून कामावर ठेवत नाही. त्याला शांत करायला मला पाऊण तास लागला आणि रिफंड होता सहा डॉलरचा.

आता या सगळ्यातली खरी गोम सांगते, कारण पुढचं सारं तिच्यावर आहे. ‘वरचे’ म्हणजे नुसते मोठ्या पगाराचे नाहीत. मालकाचा नवरा किंवा बायको, मुलं, नातवंडं, आईवडील यांपैकी कुणी त्याच्याच कंपनीत काम करत असेल तर पगार कितीही असो, ते वरच्यांत धरायचे. मालकाची मुलगी तिथे झाडू मारत असली तरी कायद्याच्या लेखी ती वरची. भाऊ, बहीण, मेव्हणे यात येत नाहीत. त्यामुळे दर जानेवारीत प्रत्येक मालकाकडून एक फॉर्म भरून घ्यायचा. तुमच्याकडे तुमचे कोण कोण नातेवाईक काम करतात? नाव लिहा, नातं लिहा, सही करा.

गोरे मालक एक नाव लिहायचे किंवा रेघ मारायचे. आपले लोक? कप्पाळ! एका मोटेलवाल्याने अकरा नावं लिहिली होती. फोन केला तर म्हणाला, "सगळे आमच्याच गावचे आहेत ना, फॅमिलीच समजा." दुसऱ्याने मित्राला भाऊ लिहिलं, तिसरीने शेजारणीला मावशी. आमची बॉस कॅरल या फॉर्मांपुढे हात टेकायची. शेवटी तिने देशी मालकांचे सगळे फॉर्म माझ्याकडे वळवले. "मंगल, तुला ही माणसं कळतात," म्हणाली. त्या वाक्याने मी कशी फुगले होते, काय सांगू! मी एक लाल पेन आणलं आणि मानलेली नाती धडाधड खोडायला लागले. ऑफिसचा नियम होता की मालकाला फोन करून विचारल्याशिवाय फॉर्मवर काही बदलायचं नाही. गोऱ्या मालकांच्या बाबतीत मी तो न चुकता पाळायची. आपल्या लोकांना काय विचारायचं? मला कळत होतं ना सगळं.

सुधाकर खैरनार आमचे जुने गिऱ्हाईक. बरण्यांवरची, बाटल्यांवरची लेबलं छापायचा त्यांचा कारखाना होता, पस्तीसेक माणसं होती. धुळ्याकडून शिकायला इथे आलेले, मग परत जाऊन लग्न करून आलेले. सत्तरी ओलांडली तरी रोज कामावर. मी त्यांना काका म्हणायची, त्यांच्या बायकोला नलूकाकू. मुलगा निखिल इथेच जन्मलेला, तो कारखान्याचं ऑफिस बघायचा. एका वर्षी निखिलने जोरात पैसे टाकले आणि त्यांची टेस्ट नापास झाली. त्याला सत्तावीस डॉलरचा रिफंड गेला. आमच्या पत्रात एक ओळ असायची, तुम्हाला वरच्यांत का धरलं त्याचं कारण. निखिलच्या पत्रात होतं, ‘मालकाचा मुलगा’. खाली मालक म्हणून काकांची सही. निखिलला त्याची इतकी गंमत वाटली, की त्याने ते पत्र कारखान्याच्या बोर्डावर टाचणीने लावलं.

पुढच्या जानेवारीत काकांचा फॉर्म आला. काळ्या शाईत, त्यांच्या तिरक्या अक्षरात दोन नावं. पहिलं निखिल, मुलगा. त्याखाली डेनीज, मुलगी. आडनाव भलतंच, पोलिश. पगाराच्या यादीत बघितलं तर ही बाई शिपिंगमध्ये खोकी भरायची, वय बेचाळीस. मला हसूच आलं. म्हटलं, घ्या! काकांनीही मुलगी मानली वाटतं. मी स्वतः फ्रीमाँटच्या एका गृहस्थांना गेली वीस वर्षं राखी पाठवते, मला का ते कळणार नाही? लाल पेन उचललं, ‘डेनीज, मुलगी’ या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘नातेवाईक नाही’. डेनीज साध्या नोकरांत गेली. टेस्ट पास झाली. कुणाला पत्र नाही, रिफंड नाही. वरून मी खूश.

त्याच वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये काका-काकू भेटले. हातात प्रसादाची कागदी ताटली होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काका, फॉर्मवर मानलेली नाती लिहायची नसतात हं! ती डेनीज मी खोडून टाकली."

काकू खळखळून हसल्या. "अगं, यांचं असंच आहे. कुणालाही मुलगी म्हणतील!"

काका ताटलीकडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं केलंस."

मला वाटलं, ओशाळले बिचारे. मी आणखी दोन विनोद केले आणि मसालेभात घ्यायला गेले.

पुढच्या जानेवारीत पुन्हा ‘डेनीज, मुलगी’. मी म्हटलं, वय झालं, विसरतात. खोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, आणि खाली एक रेघ ओढून ठळक केलेलं. मी तेही खोडलं. एकदासुद्धा मनात पाल चुकचुकली नाही. साठीची घोडी झाले, पण शहाणपणाचा माज असा की समोर लिहिलेला एक सरळ शब्द मला सरळ वाचता आला नाही.

चौथ्या वर्षी फॉर्म आला तेव्हा माझ्या हातात पेन होतं, अक्षरशः होतं, आणि फोन वाजला.

"मंगल, सुधाकर खैरनार बोलतोय. या वर्षी ते नाव खोडू नकोस."

आवाज खोल गेलेला. ते आजारी असल्याचं कानावर होतं. मी लहान मुलाला समजवावं तसं म्हटलं, "काका, कायद्यात मानलेली मुलगी चालत नाही हो."

"मानलेली नाही," ते म्हणाले. "माझी आहे."

मी पेन खाली ठेवलं. काकाच बोलत होते, थांबत थांबत. लग्नाच्या आधी, इथे शिकत असताना. तिच्या आईने त्यांना कळवलंच नव्हतं. आई गेल्यावर डेनीज कागदपत्रं घेऊन कारखान्यात शोधत आली. त्यांनी तिला ठेवून घेतलं, कामावर. घरी सांगायची छाती झाली नाही.

"मी फार भित्रा माणूस आहे," ते म्हणाले. "तोंडाने बोलता आलं नाही म्हणून लिहीत होतो. तू खोडत होतीस."

"काका, मला एक फोन करायचा होतात!" मी जवळजवळ ओरडले.

"तू तरी कुठे केलास?"

फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि मग कॅरलच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. तीन वर्षं, तीन फॉर्म, विचारल्याशिवाय. ती ओरडली नाही. चष्मा काढून पुसत बसली, ते जास्त वाईट होतं. मग म्हणाली, "सगळ्या टेस्ट पुन्हा कर."

केल्या. डेनीजला वरच्यांत धरल्याबरोबर चारही वर्षं नापास. वरचे तिघंच, काका, निखिल आणि ती. काका नावापुरते पैसे टाकायचे, निखिल बेताचे. ही बाई मात्र खोकी भरून मिळालेल्या पगारातला जवळजवळ सहावा हिस्सा बाजूला टाकत होती. जास्तीचे पैसे ज्याने सगळ्यांत जास्त टाकले त्याला आधी परत जातात. म्हणजे चारही रिफंड तिलाच. या वर्षीचे अकरा डॉलर चाळीस सेंट. मागच्या तीन वर्षांचे नऊ, सात आणि चौदा, वर काही सेंट. उशीर झालेल्या वर्षांसाठी तेवढेच पैसे बाकीच्या नोकरांच्या खात्यात घालावे लागतात. ते आमच्या कंपनीने स्वतःच्या खिशातून भरले, कारण चूक माझी होती.

चार पत्रं मी स्वतः तयार केली. कारणाच्या ओळीत चारदा टाईप केलं, ‘मालकाची मुलगी’. सहीसाठी हॉस्पिटलमध्ये नेली. काकांनी उशीला टेकून प्रत्येक पत्र वाचलं, जणू मोठा करारनामा आहे, आणि सही केली. म्हणाले, "मार्चच्या पंधराच्या आत पोचेल ना?"

"परवा पोचेल," मी म्हटलं.

एप्रिलमध्ये ते गेले.

जूनमध्ये, दुपारच्या सुट्टीत, एक उंच बाई ऑफिसात आली. हातात सँडविचची असते तसली झिपची प्लास्टिकची पिशवी आणि आत माझी चार पत्रं. तिने नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं. बोलण्याआधी डावी भुवई किंचित वर उचलायची काकांची सवय होती. ती या बाईच्या चेहऱ्यावर होती. आणि मला ही माणसं कळत होती म्हणे!

ती खुर्चीच्या कडेवर बसली. सगळं बोलणं इंग्रजीत झालं, पण तिचे शब्द मला मराठीतच आठवतात.

"बोर्डावर निखिलचं पत्र लागलं होतं," ती म्हणाली. "मी रोज त्याच्या समोरून जायचे. एक दिवस मी त्यांना विचारलं, माझं असं पत्र कधी येणार? ते म्हणाले, पुढच्या वर्षी. पत्र आलं नाही. मी विचारलं. ते म्हणाले, मी लिहिलं होतं, येईल. पुढच्या वर्षीही आलं नाही. मग मी विचारणं बंद केलं."

मी टेबलावरचं लाल पेन खणात टाकलं.

"मला वाटलं, खोटं बोलतायत. त्याआधी आम्ही रोज दुपारी मागच्या दाराशी बसून डबा खायचो. मी ते बंद केलं. जवळजवळ दोन वर्षं. कामापुरतं बोलायचे." तिने पिशवी टेबलावर सरळ केली. "ही पत्रं आली तेव्हा ते हॉस्पिटलमध्ये होते. तिथे माणूस कशावरही सही करतो. म्हणून मला बघायचंय. त्यांनी आधी खरंच लिहिलं होतं का?"

चेक पिशवीतच होते, न वटवलेले. एरवी न वटवलेल्या चेकसाठी मी लोकांच्या मागे हात धुऊन लागायची. त्या दिवशी मी तो विषयच काढला नाही.

स्वतःला कोणत्या आधारावर वरच्यांत धरलं, हे बघायचा तिला हक्क होता. कॅरलला विचारून मी फाईल काढली. या वेळी विचारून. निखिलची ओळ कोऱ्या कागदाने झाकली आणि चार फॉर्म तिच्यासमोर मांडले.

तिने पहिल्या फॉर्मवर बोट ठेवलं. काळ्या शाईतलं ते तिरकं अक्षर बघून तिने श्वास घेतला तो मला ऐकू आला. मग तिचं बोट लाल रेघेवर थांबलं.

"हे त्यांनी खोडलं?"

"नाही," मी म्हटलं. "मी."

"का?"

काय सांगायचं? राखी, मानलेली मुलगी, मोटेलवाल्याचे अकरा नातेवाईक? मी सगळं सांगितलं, तुटक तुटक. मला वाटलं होतं ती उठून जाईल किंवा शिव्या देईल. ती हाताची बोटं मोजायला लागली. एक वर्ष, दोन वर्षं. मग थांबली.

"तीनदा लिहिलं होतं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडले. बावीस वर्षांत त्या टेबलावर मी पहिल्यांदा रडले.

हे छापायला देण्याआधी मी डेनीजला विचारलं. नावं आणि धंदा बदलला आहे. नलूकाकूंना आता सगळं माहीत आहे, त्यांनाही वाचून दाखवलं. गणपतीतला प्रसंग आला तेव्हा मी म्हटलं, काकू, हा गाळते. त्या म्हणाल्या, "माझं हसणं गाळू नकोस. हसले होते ना मी."

जूनमधल्या त्या दिवशी डेनीजने फॉर्मांच्या कॉपी मागितल्या. मी मशीनवर चार काढून दिल्या. तिने त्या पिशवीत सरकवल्या आणि उठली. मी सहज वरच्या कागदाकडे बघितलं. आमचं मशीन काळं-पांढरं. कॉपीवर माझी लाल रेघ काळी आली होती, काकांच्या शाईइतकीच काळी. कोणीही बघितलं तर म्हणेल, बापाने मुलीचं नाव लिहिलं आणि स्वतःच खोडलं.

"थांब," मी म्हटलं. "ते कागद परत दे."

ती दचकली. पिशवी छातीशी धरून उभी राहिली. तिला वाटलं असणार, ही बाई हेही काढून घेतेय.

"देते परत. लगेच देते."

मी खाली बसले आणि निळ्या पेनाने पहिल्या कॉपीवर त्या रेघेच्या शेजारी लिहिलं, ‘ही रेघ सुधाकर खैरनार यांनी मारलेली नाही. ती मी मारली, त्यांना न विचारता. त्यांनी फक्त मुलगी असं लिहिलं होतं.’ खाली पूर्ण नाव, सही, तारीख. दुसऱ्या कॉपीवर तेच. तिसऱ्या कॉपीवर तेच.

चौथ्यावर रेघ नव्हती. तिथे मला लिहिण्यासारखं काही नव्हतं.

डेनीजने तिन्ही कागद उभ्याउभ्या वाचले. मग चौथा काढून सगळ्यांच्या वर ठेवला आणि पिशवीची झिप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबून बंद केली.